पंचफुलाबाईंच्या गालाची काचपट्टी

वरवट बकालच्या शाळेत पंचफुलाबाई अठ्ठावीस वर्षं शिपाई होत्या. प्रयोगशाळा झाडणं हे काम. पण जुन्या सरांनी पहिल्याच वर्षी त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला शिकवलं आणि बाईंनी तो पुन्हा काही काढला नाही.

नववीला ऊतींचा धडा आला की गाल आतून खरवडायला पोरं लाजायची. मग बाईच काडी तोंडात घालायच्या. ज्या घरांत बाईंचा पाण्याचा पेला वेगळा, तिथली पोरंही बाईंच्या गालाच्या पेशी डोळे फाडून बघायची. बाईंना हसू यायचं, संतापही यायचा.

यंदा हर्षल सर नवीन आले. काचपट्ट्यांची लेबलं कसरीनं खाल्लेली. सरांनी प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी घाईघाईत नवी चिकटवली. बाईंनी एकेक पट्टी पाहिली.

"सर, ह्या दोन उलट्या झाल्या. तुमी चेता लिवलं तिच्यात आडवे पट्टे हायेत, थो स्नायू हाय. चेतापेशीले चांदणीवाणी फाटे असतात अन् एक लांब शेपटी."

"बाई, तुम्ही फडकं सांभाळा. उद्यापासून सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पोरं दाराबाहेर रांगेत, काचपट्ट्यांच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली बाईंच्या कमरेला. मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडम धावत आल्या.

"किल्ली द्या, बाई."

"नाही देत. घरी बसवा मले, पण लेकरायले खोटं दाखवू देनार नाही."

"तुम्हाला काय कळतं ऊतींमधलं?" सर कडाडले.

"अभिस्तर झाकते, संयोजी जोडते, स्नायू हालवते, चेता खबर पोचवते. काऊन, चुकलं काय?"

बोलता बोलता बाईंनी काडीनं गाल खरवडला, काडीवरचं काचेवर पसरलं, निळा रंग टाकला, आणि हात लावायचा नाही त्या सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. मॅडमनी पाहिलं. पातळ, चपट्या पेशी, मधोमध गडद ठिपका. मग बाईंनी मॅडमच्या हातात किल्ली दिली.

"आता त्या दोन पाहा. तुमच्या डोळ्यानं."

मॅडमनी कपाट उघडून दोन्ही पट्ट्या पाहिल्या, पुस्तकातलं चित्र शेजारी धरलं. एकीत पट्टे, दुसरीत चांदणी आणि शेपटी. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खालमानेनं दोन्ही लेबलं काढून नीट लावली.

"अजून एक राह्यलं," बाईंनी आपली ओली पट्टी पुढे केली. "अठ्ठावीस वर्सं सगळ्यायनं पाह्यली, नाव कोनं नाही लिवलं. लिवा. अभिस्तर ऊती. पंचफुला इंगळे."

सरांनी लिहिलं. बाईंनी ते वाचलं, अक्षर न् अक्षर तपासलं आणि मग पोरांसाठी दार उघडलं.