पुलावर लागलेला पिवळा दिवा

दसऱ्याच्या सकाळी लालबागच्या पुलावर गाडीने पहिला गचका खाल्ला, तेव्हा आईच्या डायलिसिसला पस्तीस मिनिटं उरली होती. ती मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. अंगात पाणी साठलेलं, बोलतानाही धाप लागत होती. तिच्या शेजारी बाबा. दुसरा गचका बसला आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तो नुसता लागला तर गाडी रखडत गॅरेजपर्यंत नेता येते; लुकलुकला तर तिथल्या तिथे थांबायचं, एवढं मला ठाऊक होतं. थांबलो.

पुलावर टॅक्सी थांबत नाही. मोबाइलवरून बोलावलेल्या दोघांनी जागा बघूनच नकार दिला. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या बाजूने मजेत जात होत्या. आईला चालवत खाली न्यायचा तर विचारच नको.

गाडीच्या बिघाडाचा कोड वाचायचं छोटं यंत्र मी हौसेने घेऊन ठेवलं होतं. ते स्टिअरिंगखाली खोचलं. मोबाइलवर उमटलं, पी०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये. का पेटत नाही, ते मात्र कोड सांगत नाही. माझा पारा चढायला तेवढं पुरलं. ठिणगी पाडणारे प्लग रे रोडच्या मेकॅनिकने आठवड्यापूर्वीच बदलले होते. त्याला फोन लावला आणि त्याने हॅलो म्हणायच्या आत कोड सांगून त्याचा उद्धार केला.

"शिव्या नंतर दे, शेठ," तो म्हणाला. "इंजिन धुतलं काय कोणी?"

"वेडा झालास का? इंजिन कोण धुतं?"

"काल मीच धुतलं रे," मागून बाबा म्हणाले. "नळी लावून. खंडेनवमी होती ना."

बाबा गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला यंत्र लख्ख करून हळदकुंकू वाहायचं, हा नेम गिरणी गेली तरी सुटला नव्हता. मी असा ओरडलो की आईने डोळे मिटून घेतले. "जन्म यंत्रांत गेला तुमचा, एवढं कळत नाही? तिला काही झालं म्हणजे?"

बाबांनी उतरून बॉनेट उघडलं आणि मी डिकीतून काढलेला पाना माझ्या हातातून घेतला. मेकॅनिक फोनवर सांगत होता तशी त्यांनी दुसऱ्या प्लगवरची, त्याला वीज पुरवणारी कॉइल उपसली. खाली प्लगच्या खळग्यात चमचाभर पाणी. आईचा पंचा स्क्रूड्रायव्हरने आत सारायचा, टिपायचा, पुन्हा सारायचा. इंजिन तापलेलं होतं. त्यांची बोटं भाजत होती, तरी ते टिपत राहिले. मी नुसता घड्याळ बघत उभा.

कॉइल परत बसवून गाडी सुरू केली. दिवा लुकलुकायचा थांबला, नुसता लागून राहिला. आम्ही सतरा मिनिटं उशिरा पोचलो. आईचं मशीन अजून कुणाला दिलं नव्हतं.

ती आत गेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलो. जीव भांड्यात पडला होता, राग मात्र उतरला नव्हता.

"बाहेरूनच हळदकुंकू लावलं असतं तर चाललं नसतं?"

बाबा बोटांवर फुंकर घालत होते. "तुझ्या आईला दर खेपेला घरी परत आणते ती गाडी," ते म्हणाले. "तिची पूजा वरवरची कशी करू?"