टोपलीची ऊब

तारा गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याशी भांडले. ती माझी धाकटी नणंद. भांडण आम्हाला नवीन नव्हतं. एका चुलीवर जन्म काढला की भांडण हेच बोलणं होऊन बसतं. फरक एवढाच की या खेपेला ती वसईच्या एका दवाखान्यात खाटेवर होती, तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि भांडायला मी एकटीच होते. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. डॉक्टर म्हणाले, आता घशात नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल, त्यातून बाहेर निघतील असं मात्र सांगता येत नाही. तारा शुद्धीवर होती, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं. तिनं मान हलवली. नको. मी म्हटलं, "तिला काय विचारता? घाला नळी." तिनं माझ्याकडं बघून पुन्हा मान हलवली... दुपार कलायच्या आत ती गेली.

आम्हाला ओळखणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटेल. औषधं आणि यंत्रं यांच्या नावानं बोटं मोडणारी मी, आणि त्यांची बाजू घेणारी ती. जन्मभर असंच चाललं. शेवटच्या सकाळी मात्र दोघींनी बाजू बदलल्या.

माझं माहेर नंदाखाल गावचं. लग्न होऊन निर्मळला आले तेव्हा तारा दहा-बारा वर्षांची होती. काटकुळी, मोठाल्या डोळ्यांची, थंडी पडली की खोकणारी. तिच्या जन्माची गोष्ट सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितली, ती तिच्यासमोरच. तारा सातव्या महिन्यात झाली. मांजराच्या पिल्लाएवढी. रडली पण नाही. सुईण म्हणाली, आशा धरू नका. तेव्हा आमच्याकडं राजेळी केळींची मोठी बाग होती आणि घरात सुकेळी व्हायची. सुकेळी म्हणजे वाळवलेलं केळं. पण वाळत घालायच्या आधी ते नीट पिकावं लागतं, म्हणून कच्ची केळी पेंढा घातलेल्या मोठ्या टोपलीत भरायची, तोंड पेंढ्यानं दाबून बंद करायचं आणि टोपली चुलीमागच्या बंद खोलीत ठेवायची. ऊब कमी पडली तर केळं दगड राहतं, जास्त झाली तर सडतं. सासूबाई बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाल्या, "घाला तिला टोपलीत. केळी पिकतात, तर पोर का नाय पिकनार?" आणि खरंच, एका टोपलीतली केळी काढून पेंढ्यावर जुनं लुगडं घातलं आणि पोरीला त्यात ठेवलं. दर थोड्या वेळानं कापसाच्या बोळ्यानं दूध. टोपली गार पडली का हे बघायला सासूबाई बाहेरून तिला गाल लावून बघायच्या. हाताला चुलीची सवय झालेली असते, हात खोटं सांगतो, गाल नाही, असं त्या म्हणत.

पोर जगली. पण टोपलीतली म्हणून नाव पडलं ते पडलंच. लग्नाची बोलणी निघाली की आगाशीपासून सगळीकडं तेच. मुलगी चांगली आहे हो, पण सातमाशी, छातीनं कमजोर, हिच्या पोटी तसंच निपजेल. दोन-तीन ठिकाणी नकार आल्यावर सासऱ्यांनी विषय बंद केला. तारानं कधी तोंडातून शब्द काढला नाही. ती सुकेळी करत राहिली. टोपलीला गाल लावायची रीत तिनं आईकडून घेतली. सकाळी मांडवावर सोललेली केळी मांडायची, संध्याकाळी गोळा करून गुंडाळून ठेवायची, आठवडाभर हेच, आणि शेवटी केळीच्या वाळक्या सालीत, सोपटात, बांधायची. मध्येच श्वास लागला की कनवटीचा दम्याचा पंप काढून दोन वेळा ओढायची आणि पुन्हा वाकायची.

मी तिला 'पंपावर चालणारी बाई' म्हणायची. माझं मत सरळ होतं. जुनी माणसं लोखंडाची होती. आता जरा नाक गळलं की डॉक्टर, जरा उकडलं की मशीन, त्यानं माणूस पोचट होत चाललाय. एकदा मांडवाखाली बसून मी हे पुराण लावलं होतं. तारा केळी उलटत होती. म्हणाली, "वहिनी, जगली त्यांचं सांगता तुम्ही. आईची आठ बाळंतपणं. आम्ही तिघं राहिलो. बाकी पाचांची नावं तरी ठाऊक आहेत का तुम्हाला?" मला ठाऊक नव्हती. कुणालाच नव्हती, ठेवलीच नसावीत. "आणि लोखंडाचं म्हणाल," ती पुढं म्हणाली, "तर तुमच्या दोन्ही गुडघ्यांत आहे ते डॉक्टरनंच घातलंय." शेजारीण इतकी हसली की मी उठून घरात गेले.

पण माझंही सगळं चुकीचं नव्हतं. रोग पडून राजेळीची बाग बसली, तेव्हा नातू नीलेशनं कुठल्याशा प्रयोगशाळेतली दुसऱ्या जातीची रोपं आणली. बाटलीत वाढवलेली, सगळी एका उंचीची, एका दिवशी घड धरणारी. दिसायला शाळेतल्या कवायतीसारखी. पुढं दुसराच रोग आला तेव्हा सगळी एकदमच पिवळी पडली. मी तारापुढं जाऊन उभी राहिले, "बघ तुझं नवं." ती नाही म्हणाली नाही. विहिरीच्या कडेला जुन्या राजेळीची चार-पाच वेडीवाकडी खुंटं तिनं ठेवून दिली होती, नीलेश काढा म्हणत असताना. त्यांना बारीक घड यायचे आणि वाऱ्यात दरवेळी टेकू द्यावा लागायचा. ती खुंटं मात्र उभी होती. त्यांच्या बुडाशी फुटलेल्या मुनव्यांवर आज आमची थोडकी बाग आहे. तारा म्हणाली, "नवं आणा, पण सगळं सारखं करू नका, वहिनी. टेकू लागतो म्हणून झाड तोडायचं नसतं. कुणास ठाऊक कोणतं कधी उपयोगी पडेल."

चार वर्षांपूर्वी नीलेशच्या बायकोला, पूर्वाला, सातव्याच महिन्यात मुलगी झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. नाकात नळी, अंगभर वायरी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जगण्याची खात्री नाही, जगली तर फुप्फुसं अशक्त राहतील, डोळ्यांचंही काही होऊ शकतं. नीलेश वालीवला कारखान्यात मशीनवर कामाला, पोरगा मशीनला घाबरत नाही, पण त्या दिवशी जेवायला बसला आणि घास तोंडात घालेना. "आजी, काय करू?" त्यानं मलाच विचारलं. मी म्हटलं, "ओढाताण करू नका. असली लेकरं देव परत न्यायचा, त्यात काही शहाणपण होतं. उद्या तिचं कोण करणार?" मला तेव्हा ते खरं वाटत होतं. आजही त्यातला प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तारा ताटावरून उठली. उष्ट्या हातानंच उभी राहिली आणि म्हणाली, "मग माझी टोपली आधी फेकायला हवी होती."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज रिक्षानं दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसू लागली. एकदा नर्सनं तिला आत सोडलं. पूर्वा सांगते, ताराआजीनं काही विचारलं नाही, सरळ पेटीच्या काचेला गाल लावला. नर्स म्हणाली, "आजी, आत किती गरम आहे ते इथं आकड्यात दिसतं." तारा म्हणाली, "दिसतंय गं बाई. तरी बघते."

पोर जगली, ओवी नाव ठेवलं, घरी आली. चष्मा आहे, पावसात छाती भरते, पायऱ्या चढताना थांबते. बोलायला मात्र कुणाला ऐकत नाही. तारानं नीलेशकडून एक तापमापक आणवला. वायर टोपलीत, आकड्यांची डबी खिळ्यावर. ती आधी आकडा बघायची, मग गाल लावायची. मी म्हटलं, "दोन्ही कशाला? यंत्रावर विश्वास नाही का?" म्हणाली, "आहे की. माझ्यावरही आहे."

म्हणूनच त्या सकाळी मला राग आला. पोरीसाठी हट्ट धरणारी बाई स्वतःसाठी नको म्हणत होती. मी म्हटलं, "ओवीला पेटी चालते आणि तुला नळी चालत नाही, हा कुठला न्याय?" तिनं मास्क हातानं बाजूला केला. एकेका शब्दाला थांबत होती... "वहिनी, टोपली कच्च्याला. पिकलेलं आत ठेवलं... तर काय होतं, सांगा." मी सांगितलं नाही. मला येत होतं उत्तर. नर्सनं मास्क परत लावला.

आता पाऊस संपला. परवा नीलेशनं विहिरीकडचा राजेळीचा पहिला घड उतरवला. सोपटात बांधणं मला तितकं सुबक जमत नाही, पण टोपली भरता येते, म्हणून भरली आणि चुलीमागं ठेवली. काल सकाळी बघायला गेले तर खिळ्यावरच्या डबीत आकडाच नव्हता. सेल संपला होता. तो बदलणं ताराचं काम होतं. नीलेश बाहेरून म्हणाला, "आजी, संध्याकाळी नवा आणतो." मी म्हटलं, "आण."

मग खाली बसले. गुडघे कुरकुरले. टोपलीला मी कधी गाल लावला नव्हता, मला तो खुळेपणा वाटायचा. पहिल्यांदा नुसता पेंढा टोचला. थोडा वेळ तशीच राहिले, तेव्हा आतून बारीकशी ऊब आली. पुरेशी नव्हती. केळी अजून कच्ची होती. मी पेंढा दाबून बसवला आणि चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.