वहिनी, गंज हाय का?

शिरवण्यातल्या आमच्या शेजाऱ्याकडे एक जुनी ट्रॉली आहे, जीपच्या मागे जोडून मंडपाच्या खुर्च्या नेण्यापुरती. पावसाळा सरला की तो तिचा गंज काढायला बसतो. विकत आणतो फक्त रेड ऑक्साईडचा डबा; तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रॉकेलचं फडकं सगळं घरचंच. घासण्याआधी तो पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो. पत्रा खणखणीत वाजला की खूश होऊन म्हणतो, "वरवरचा हाय. आत लोखंड जिता हाय."

उरलेला रंग सुकून जाऊ नये म्हणून मग डबा घेऊन गल्लीभर फिरतो आणि कोणाची खिडकी, कोणाची सायकल फुकटात रंगवून देतो. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा आमच्या गंजलेल्या फाटकापाशी येऊन त्याने हाक मारली, "वहिनी, गंज हाय का?"

बायको विदर्भातली. तिच्या माहेरी पातेल्याला गंज म्हणतात. तिने दुधाचं पातेलं धुऊन त्याच्या हातात ठेवलं. त्याने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते घेऊन गेला. संध्याकाळी पातेलं कोलंबीने भरून परत आलं.

"दादा, तिला कळलं नव्हतं," मी म्हटलं.

"मना कललं ना. पन वहिनीनी दिलेला भांडा नको कसा बोलू? न् रिकामा परत कसा देऊ?"

बायकोला आता दोन्ही गंज ठाऊक आहेत. यंदा त्याची हाक ऐकताच तिने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं बाहेर काढलं.

फाटक अजून गंजलेलंच आहे.