मीठ बोलतंय

मशीन ओरडली की काका पट्टा थांबवत, लोणच्याचं पाऊच उचलून तळहातावर दाबत आणि म्हणत, "मीठ बोलतंय, लोखंड नाय." मग तेच पाऊच पुन्हा दोनदा मशीनमधून फिरवत. स्वतःच्या वाक्यावरही त्यांचा पुरता भरवसा नसे.

अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या लोणच्याच्या कारखान्यात मी क्वालिटीला होते आणि काका मेटल डिटेक्टरवर. दोन हजार सहा-सातचा तो काळ. त्यांच्या आजोबांची हयात मिठागरात गेली होती. नातवाच्या नशिबीही मीठच आलं, असं ते हसून सांगत.

डिटेक्टर मालकांनी बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यातून स्वस्तात उचलला होता. वरच्या फ्रिक्वेन्सीचा. कोरड्या मालातली केसाएवढी तारही तो पकडायचा, पण ओल्या, खारट लोणच्यालाच धातू समजायचा. लोणच्याला खालची फ्रिक्वेन्सी लागते, असं काका मालकांना दर महिन्याला सांगत. मालक मान हलवत, इतकंच. सारखी कटकट करते म्हणून आम्ही त्या मशीनला सासूबाई म्हणायचो. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचं म्हणणं बरोबर असतं आणि म्हणूनच त्याचा सगळ्यांना कंटाळा येतो.

एका दुपारी ट्रक दारात उभा होता आणि सासूबाई थांबेनात. मी म्हटलं, "काका, सेन्सिटिव्हिटी खाली आणा. आजच्यापुरती."

"मॅडम, मंग ती आंधली व्हईल."

मी ऐकलं नाही. त्यांनी बटण फिरवलं.

महिन्याभराने तक्रार आली. टाकी घासायच्या ब्रशची तार, त्याच दिवशीच्या मालात. एका लहान मुलीच्या घशात रुतली होती. ऑपरेशन झालं, मुलगी वाचली, पण तिचा आवाज काही नीट परत आला नाही.

बटण कुणी फिरवलं, असं मालकांनी विचारलं. "मी," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प बसले. कात्रपच्या नव्या फ्लॅटच्या हप्त्यांचा विचार मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच संध्याकाळी काकांना कामावरून काढलं. पुढच्या महिन्यात खालच्या फ्रिक्वेन्सीची नवी मशीन आली.

वर्षाने मी बदलापूरजवळच्या त्यांच्या गावी गेले, माफी मागायला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकट, घरचं लोणचं. काकांनी लोणच्यातली एक फोड घेतली, बोटांनी मोडली, दाराच्या उजेडात धरली, नीट चाचपली आणि माझ्या ताटात ठेवली.

"खा, मॅडम. मी बघलंय."

मी खाल्ली. माफी मागायची राहिली ती राहिलीच. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले.