सहा महिन्यांची लोकर

मी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला, पण अगदी मनापासून, पोटात दुखेपर्यंत असा एकाच माणसाचा केला. आणि त्या माणसाला शेवटपर्यंत माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तसं त्यांना कुणाचंच नाव ठाऊक नसे. मिरजेतल्या त्यांच्या दुकानावरून माणूस चालत गेला तर ते मान वर करीत नसत. तोच माणूस समोरच्या ओट्यावर टेकला की मात्र दाभण हातात तसाच धरून त्याच्याकडे टक लावून बघत, आणि एकदा बसलेला बघितला की जन्मात विसरत नसत. ‘डाव्या मांडीवरचा’ म्हणजे पोस्टमास्तर. ‘पसरट’ म्हणजे हळदीचा दलाल. एकदा बाजारात कुणी फार दिवसांनी भेटलेला गृहस्थ म्हणाला, “चाचा, ओळखलं का?” तर हे म्हणाले, “बसा जरा, मग सांगतो.” तो बिचारा भर बाजारात एका गुळाच्या ढेपेवर बसला, आणि चाचांनी त्याच्या घोड्याचा रंगसुद्धा सांगितला.

घराणं खोगीर करणाऱ्यांचं. आजा, बाप, सगळे संस्थानच्या पागेसाठी खोगिरं शिवत आलेले. पुढं पागा रिकामी होत गेली, रस्त्यावर मोटारी वाढल्या, तेव्हा आळीतल्या बाकीच्या कारागिरांनी कपाळाला हात लावला. चाचांनी मोटारींनाच जनावर म्हणायला सुरुवात केली आणि आपल्यापुरता प्रश्न मिटवला. मोटारीजवळ जायचं ते डाव्या अंगानं, आधी बानेटवर थोपटून. आपण पाणी पिण्याआधी तिच्या रेडेटरात तांब्या ओतायचा. आणि तिच्या मागं म्हणून कधी उभं राहायचं नाही. का? “लाथ मारंल.” लोक हसत, मीही हसत असे. पण मौज अशी की तांब्या ओतण्याआधी मी झाकण उघडून बघावं तर रेडेटर खरोखरच कोरडा ठाक असायचा. त्यांचं खूळ दर वेळी बरोबर निघे. तेच मला सोसत नसे.

मी कोण, तर तापीकाठचा, चौथीतून शाळा सोडलेला, पोटापाठी हिंडत हिंडत सांगलीला आलेला एक ड्रायव्हर. गूळ-हळदीच्या एका व्यापाऱ्यानं मला आपली जुनी पिकप मालमोटार चालवायला दिली आणि गोदामामागची खोली राहायला दिली. त्या मालकांचे उपकार मी आजही विसरलो नाही. पण ज्याला दिलेलं असतं त्याला ते परत जाण्याची भीती असते. मालकांनी नुसतं “अरे, ऐक” म्हटलं तरी मी आधी खिशातली किल्ली चाचपायचो. गाडीला पुढं तिघांची एकसंध बैठक आणि मागं उघडा हौदा. ती बैठक इतकी फाटली होती की आतला काथ्या बाहेर डोकावे, आणि मधली एक स्प्रिंग मालकांच्या धोतराशी वैर धरून होती.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मालकांचा पुतण्या लष्करातून सुटून घरी आला. तिकडं वाळवंटात त्यानं मोठमोठ्या लॉऱ्या हाकल्या होत्या. एक दिवस गोदामात पोत्यांच्या थप्पीपलीकडून मालकांचा आवाज माझ्या कानांवर पडला, “गाडीची बैठक नवी करून घेऊ. आता घरचा माणूस चाकावर बसायचा.” घरचा माणूस कोण, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिरजेला कुणी न्यायची? मीच. ज्या बैठकीवरून मला उठवायचं, ती नवी करायला मी स्वतःच्या हातानं हाकत नेली.

दुकानापाशी उतरताच मालकांनी चाचांना हात जोडले. सारा गूळबाजार ज्यांना उठून नमस्कार करतो ते हे मालक! पाच वर्षांत मला त्यांच्या तोंडून “बरं झालं” एवढंच मिळालं होतं. मालकांच्या वडिलांच्या घोडीचं खोगीर चाचांच्या हातचं, तेवढ्या पुण्याईवर हा माणूस त्यांना “तकडं हुबं ऱ्हावा, उजेड अडवू नगा” म्हणत होता, आणि मालक सरकत होते.

चाचांनी बैठकीवरून तळहात फिरवला. “ह्येच्यावर कोन बसतंय?”

“आमचा डायवर.”

“बसत न्हाई त्यो,” चाचा म्हणाले. “ह्ये बगा, म्होरली चार बोटं झिजून चाळन झालिया. मागं कापड कसं नवं हाय. ह्यो मानूस इतकी वर्सं नुसता टेकतोय.” मग माझ्या तोंडाकडे न बघता, “कुनी उठवंल म्हून व्हय रं गड्या?”

मालक शेजारी उभे. चाचांनी उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाले, “सदरा काढ.” भर रस्त्यात सदरा काढायला लावून त्यांनी माझ्या पाठीच्या मणक्यामणक्यावर अंगठा दाबला, खांदे चाचपले, एक पाय उचलून तळवा बघितला. तोंड उघडायला सांगतात की काय असं मला वाटलं.

“दुखतंय?”

“नाही.”

“घोडं तरी कवा बोललंय?”

मालकांना राहवेना. “आवं, माप गाडीचं घ्यायचं की!”

“खोगीर बसनाऱ्याच्या मापाचं नसतंय, ओझं वडनाऱ्याच्या पाठीचं आसतंय. तुमी बसनार. वडतंय कोन?”

“गाडी.”

“गाडी तेलावर चालती. मी इचारतो, वडतंय कोन?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं गाडीला जनावर म्हणतात म्हणून मी हसत होतो. त्या दिवसापासून जनावर मी झालो. चाचांनी फर्मानही काढलं. भराव काळ्या लोकरीचा, तोही म्हसवडकडच्या मेंढरांचा. पांढरी नरम पडते, ती फक्त पुढं कधी घालायच्या भरीला. लोकर आणायला ते स्वतः येणार. आणि लोकर आली की, “ह्येच्या पाठीला घट्टं पडल्यात. आठ दिस ह्येला गाडीला लावायचं न्हाई.”

“चालंल,” मालक म्हणाले. “पुतण्या हायच.”

माझ्या भल्याचं बोलून माझी भाकरी काढणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

साताऱ्याला गूळ पोचवायचा, तिथून दहिवडीवरून म्हसवड, असा तो दौरा. उंब्रजला त्या रस्त्यानं मी पाच वर्षं थांबत होतो; मला तिथं कुणी पाण्याला विचारलं नव्हतं. चाचा उतरले आणि चारी बाजूंनी चहा आला. “आवं खोगीरवाले, कवा आलासा?” “आमच्या घोडीला बगून जावा की!” कुत्रीसुद्धा त्यांच्या पायांत लोळली. हॉटेलच्या बाकड्यावर दोघं म्हातारे बसले होते, नेमके गाडीच्या मागं. चाचा त्यांना म्हणाले, “उठा तितनं. लाथ मारंल.” वयाचा मान म्हणून ते हसत उठले. आणि मी, चहा आपल्यापर्यंत पोचतो का ते बघण्याच्या नादात, चाकाखाली दगड लावायला विसरलो होतो. गाडी हळूच मागं आली आणि बाकड्याचा चुरा करून थांबली. म्हाताऱ्यांनी चाचांचे हात धरले, हॉटेलवाल्यानं दुसरा चहा आणला. मला शिव्यासुद्धा कुणी दिल्या नाहीत, इतकं माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

म्हसवडला तर कळस झाला. धनगरानं लोकरीचा ढीग पुढं ओतला. चाचांनी ती हुंगली, गालाला लावली, आणि “परीक्षा घेतो” म्हणून त्या ढिगावर आडवे होऊन सरळ घोरू लागले. तासाभरानं उठले, म्हणाले, “झ्याक हाय.” मी तो सबंध वेळ बाभळीखाली जागा बसून होतो. ना चाकाची धास्ती, ना मालकाची, परक्या गावात परक्या दारात असं झोपता येणारी पाठ देवानं त्यांना द्यावी आणि मला ही! त्या झोपेइतका हेवा मला कुणाच्या वाड्याहुड्यांचा वाटला नाही.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या ओट्यावर काढले. जायचं कुठं? चाचा लोकर पिंजत, थरावर थर लावत, लष्करी लिलावातल्या ताडपत्रीला टाके घालत. टाका असा की वाटावं कापडाला तो जन्मतःच होता. मधूनच मला म्हणायचे, “बस.” मी बसलो की म्हणायचे, “मागं सर.” पुन्हा उसवायचे. रस्त्यानं दिवसातून एकदा माझी गाडी जायची. पुतण्या पोत्यांवर बसून, शीळ घालत हाकायचा. माझ्या हातात कुरकुरणारा गिअर त्याच्या हातात गपगार पडे. एकदा चाचा दाभण थांबवून बघत म्हणाले, “झकास बसतंय पोरगं. आईच्या मांडीवर बसल्यागत.” त्या एका वाक्यानं मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

नवव्या दिवशी बैठक गाडीत चढली. मालक आले, पुतण्या आला. मी किल्ली हातात धरून उभा. ती कुणाच्या हातात द्यायची ते मला ठाऊक होतं, फक्त कधी ते कळत नव्हतं. मालक पुतण्याला म्हणाले, “बस रं, बग कशी हाय.”

“थांबा,” चाचा म्हणाले. “ह्ये ह्या पाठीचं हाय,” आणि दाभणानं माझ्याकडे दाखवलं.

“आवं पर गाडी आता ह्यो चालवनार.”

“चालवू द्या की. म्या कुटं न्हाई म्हनतो? पर नवी लोकर हाय, ती बसाय सा म्हैने लागत्यात. एका पाठीखाली बसली तर धा वर्सं हू का चू करायची न्हाई. दोन पाठी आल्या की गोळं व्हत्यात. मंग मधी तुमी बसला की तुमास्नी टोचनार. मला बोल लावायचा न्हाई.”

मालकांनी बैठकीकडे बघितलं, मग आपल्या धोतराकडे. जुन्या स्प्रिंगची आठवण ताजी होती. पुतण्या मोठ्यानं हसला. “काका, सा म्हैने तर सा म्हैने. मी तवर ऊस बगतो. लय गाडी हाकली लढाईत.”

मी चढलो. सवयीनं पुढच्या कडेवर टेकलो, तर टेकताच येईना. पुढची कड त्यांनी अशी उचलून बांधली होती आणि मागं असा उतार ठेवला होता की माणूस आपोआप मागं घसरे आणि पाठ जाऊन बैठकीच्या पाठीला लागे. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत मी बसलो. बाहेरून चाचा एवढंच म्हणाले, “हां.”

सहा महिने म्हणजे किती, हे माझ्याइतकं कुणी मोजलं नसेल. ते भरले, आणि मालकांनी मला बैठक दाखवायला मिरजेला धाडलं. चाचांनी हात दाबून बघितलं, मान हलवली. “थोडी भर मागती.” मग एक बारकी शिवण उसवायची, कोपऱ्यातल्या पिशवीतनं पांढऱ्या लोकरीची मूठ घ्यायची, कोपरापर्यंत हात आत घालायचा, आणि शिवण पुन्हा बंद. “मालकास्नी सांग. नवी लोकर घातलिया. सा म्हैने पाठ बदलू नगा.” पुढच्या सहा महिन्यांनी तेच. त्याच्या पुढच्याही. मालक मला कधी विचारत नसत, तुझी पाठ कशी आहे. विचारत, “बैठक काय म्हनती?” चाचाही तसेच, गाडी गेली की आधी बैठकीला थोपटणार. मला तर पुढं पुढं त्या बैठकीचाही हेवा वाटू लागला. माणसं जिला जपतात अशी एक वस्तू होती आणि मी फक्त तिच्यावर ठेवलेला होतो, असं मला वाटे. दोन-तीन वर्षांत पुतण्या उसात पुरता रमला, गाडीचं नाव घेईना. तरी चाचांची मूठ काही चुकली नाही.

एका थंडीत मी गेलो तर दुकानाला फळी लावलेली होती. शेजाऱ्यानं सांगितलं ते ऐकून मी गाडी तशीच साताऱ्याच्या वाटेला लावली. उंब्रज येईपर्यंत काही सुचलं नाही. हॉटेलवाल्यानं नेहमीसारखं विचारलं, “आज बी एकलंच? ते न्हाई आलं?” त्या एका फेरीपासून तो मला दर वेळी हेच विचारायचा आणि मी दर वेळी चिडायचो. म्हणालो, “गेले.” तो आत गेला, दोन चहा घेऊन आला, आणि पहिल्यांदाच माझ्याजवळ बसला.

त्या खेपेला मी मालकांना काही बोललो नाही. सहा महिने उलटून गेले होते, नवी लोकर घालणारं कुणी राहिलं नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, आज विचारतील. एक दिवस मालक मधल्या जागेवर चढले, बैठक हातानं दाबून बघत म्हणाले, “चल. उशीर झाला.” पुढं ती गाडी मोडीत निघेपर्यंत चाकावर मीच होतो. मोडीच्या वेळी मी मालकांकडे बैठक मागून घेतली, ती अजून माझ्या पडवीत आहे.

परवा उंदरानं तिची एक शिवण कुरतडली. तीच बारकी, चाचा उसवायचे ती. शिवायची म्हणून मी आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि लोकर बाहेर ओढली. काळी. आणखी ओढली, तीही काळी. मग हट्टाला पेटून कोपरान् कोपरा चाचपला. इतक्या वर्षांच्या इतक्या मुठी आत गेलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. म्हसवडची काळी लोकर पहिल्या दिवशी भरली तशी होती. पांढरा एक केस सापडला नाही.

लोकर होती तशी आत भरली आणि शिवायला बसलो. त्यांच्या टाक्यांशेजारी माझे टाके कसे दिसतात ते सांगत नाही. मग पाठ पार मागं नेऊन बसलो आणि सवयीप्रमाणे त्या माणसाचा हेवा करायला घेतला, पण काही केल्या जमेना.