रांगत आवाज शोधणारे काकडे

काकडे पहिल्यांदा घरी आले आणि चहाला हात लावायच्या आधीच हॉलच्या फरशीवर रांगू लागले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, डोळे मिटून, भिंतीच्या कडेकडेनं! आई दारातच थबकली. "घाबरू नका मावशी," खालूनच ते म्हणाले, "आवाज हुडकायलोय."

काकडे मूळचे बिडकीनचे. म्युझिक सिस्टीमचं दुकान क्रांती चौकाजवळ. सबवूफर, म्हणजे गाण्यातला खर्ज वाजवणारी जड पेटी, ते घरी ऐकवल्याशिवाय विकतच नसत. पेटी ठेवायची माणसाच्या बसायच्या जागी, आणि स्वतः रांगत बघायचं, खर्ज कुठं स्वच्छ येतो. मग पेटीची जागा तीच. "दुकानात समदेच वूफर शेर असतेत," असं ते म्हणत, "घरी आल्यावर कळतं."

माझं दुखणं निराळं होतं. बाबांनी चाळीस वर्षं तबला शिकवला. मग कान गेले, आणि तीन वर्षांपासून त्यांनी गाणं लावणंच सोडलं. कानातल्या मशीनमधून तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो म्हणून चिडत, आणि पुढं तर चिडणंही थांबलं. त्याचीच मला जास्त धास्ती. डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज गेलेत, खर्ज शाबूत आहे. तेवढ्या आशेवर मी दोन महागड्या पेट्या तुलनेला मागवल्या. एक पेटी माइकनं खोली मोजून आवाज आपोआप सारखा करणारी. दुसरीत खर्जाचा एकेक भाग हातानं कमी-जास्त करायची सोय.

बसायची जागा म्हणून काकड्यांना मी सोफाच दाखवला होता; माइकही मोठ्या थाटात त्याच्याच मधोमध ठेवला. तबल्याचं एक रेकॉर्डिंग दोन्ही पेट्यांवर आळीपाळीनं लावलं. मी खूश! बाबा म्हणाले, "नुसतं घूं घूं. बंद करा ते."

मी खचलोच. काकडे मात्र बाबांकडे बघत राहिले. बाबा भिंतीला टेकून, सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

"काका सोफ्यावर कधी बसतेत?"

"कधीच नाही. जन्मभर खालीच."

"मग साहेब, माप कुणाच्या कानाचं घेतलं तुम्ही? खर्ज भिंतीपाशी साचतोय. तिथं मापायला पायजे."

शरमेनं मेलो. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते बसतात कुठं, हेच मी ध्यानात घेतलं नव्हतं.

माइक बाबांच्या कानाशी आला. आपोआपवाल्या पेटीचं घुमणं बरंच निवळलं, पण बाबांचा चेहरा हलेना. मग काकड्यांनी दुसरी लावली, बाबांसमोर मांडी ठोकली आणि खर्जाचा एकेक भाग हळूहळू वर-खाली करत विचारू लागले, "काका, आता?" बाबा मान हलवत, नाही. तास गेला. राहू द्या, असं मी दोनदा म्हणालो.

"उगं बसा हो! कान त्यांचे हायेत, तुम्हाला काय घाई?"

आणि एकाएकी बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, याचा डग्गा समेला घाईत पडतोय! कुणी शिकवलं याला?"

काकड्यांनी मांडीवर थाप मारली. "काका चिडले! साहेब, काका चिडले की वो! लई भारी!" आई पदरानं डोळे पुसत बाहेर आली.

बाबांना आमच्याकडं बघायला सवड नव्हती. ते काकड्यांवर खेकसले, "गप्प बसा हो. ऐकू द्या जरा."