भिमाबाईंच्या अंगात राहिलेलं

देवराम पगारे देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत. उद्याचा धडा आदल्या दिवशी घरी मोठ्याने म्हणून बघायची त्यांची सवय होती. ऐकायला आई, भिमाबाई. ती भाजी निवडत बसायची आणि मध्ये मध्ये म्हणायची, "मंग?" हा 'मंग' आला की धडा सोपा झालाय, असं देवराम समजत.

छप्पन सालापर्यंत गावी भिमाबाईंच्या अंगात मरीआई यायची. मग घराने धम्मदीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. तरी त्यांचं अंग घुमायचं राहिना. तेव्हा त्यांनी अन्नच सोडलं. उपाशी ठेवलं की निघून जातं, असं त्यांचं म्हणणं. गेलंही. पुढे एकुलता देवराम शिकला आणि त्याने आईला ठासून सांगितलं, "अंगात कुणी येत नसतं. तिथे तू एकटीच असतेस." या वाक्याच्या भरवशावर भिमाबाई कितीतरी वर्षं निवांत झोपल्या.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात देवरामांनी पुस्तकाबाहेरचा एक धडा घ्यायचं ठरवलं. मसाल्याच्या डब्यातून त्यांनी दगडफूल काढलं.

"ठेव जागेवर," भिमाबाई म्हणाल्या.

"आई, ही एक वनस्पती नाही. दोन जीव आहेत. एक बुरशी आणि तिच्या विळख्यात शेवाळ. शंभर वर्षांपूर्वी एका स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितलं, तर मोठमोठे जाणकार त्याला हसले."

"मंग?"

"मग पटलं. पुढे रशियातल्या काहींनी हीच गोष्ट पेशीबद्दल सांगितली, त्यांना कुणी विचारलं नाही. सदुसष्ट साली एका अमेरिकन बाईंनी पुन्हा मांडली. त्यांचाही लेख आधी ठिकठिकाणहून परत आला होता. आता पुरावे मिळतायत. फार पूर्वी एका जीवाने दुसऱ्याला गिळलं, पण पचवलं नाही. तो आत राहिला, पेशीतला मायटोकॉन्ड्रिया होऊन. अजून आहे."

तोफखान्याचा सराव चालू होता. खिडकीची काच थरथरली. भिमाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि देवरामांच्या हातातलं दगडफूल घेतलं.

"आपल्यात बी?"

"प्रत्येकात."

"येतं कुठून?"

"आईकडून. फक्त आईकडून."

या वेळी 'मंग' आला नाही.

दुसऱ्या दिवशी देवराम शाळेतून आले तर लताबाई, त्यांची बायको, दारातच उभी. "अहो, काय शिकवलंत सासूबाईंना? कालपासून नुसत्या पाण्यावर आहेत. ताट लावलं की सरकवतात."

भिमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. "तू म्हनला व्हतास, कोनी नाय." आवाज जाड झाला होता. तो आवाज देवरामांनी लहानपणी ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही.

धडा चुकला म्हणून सांगितलं असतं तर मिटलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आई त्यांच्याकडे बघत होती, आणि हातातलं दगडफूल तिने अजून सोडलं नव्हतं.

"आहे," ते म्हणाले. "पण उपाशी ठेवून ते जाणार नाही. तू जाशील. तू श्वास घेतेस ती हवा तेच वापरतं. भाकरीची ताकद तेच करतं."

"मंग मी त्याची भाकर खाते, का ते माझी?"

"दोन्ही."

"आन बाहेर निघालं तर?"

"बाहेर तेही जगत नाही. फार काळ लोटला, आई. त्याला परत जायला वाट नाही."

भिमाबाईंनी दगडफूल खाली ठेवलं. "वाट नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग हाक आली, "लता, वाढ गं."

देवरामही शेजारी बसले. भिमाबाई सावकाश, नीट चावून जेवल्या. पंगतीत कुणी अवघडून बसलं असेल तर यजमानीण त्याच्या बेताने जेवते, तशा. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला.

"आपल्या चिमीत माझं आलं का रं?" त्यांनी नातीबद्दल विचारलं.

"नाही. तिच्यात लताचं."

"म्हंजी तुझ्यापाशी सरलं."

भिमाबाईंनी आपली भाकरी मोडली, अर्धी त्यांच्या ताटात ठेवली आणि वाकून पाहिलं. नजर चेहऱ्यावर नव्हती. सदऱ्याच्या गुंड्यांवर, छातीपाशी होती.

"खा, बाबा. पोटभर खा."

लताबाईंना हसू आलं. "अहो, खा ना. तुम्हाला म्हणतायत."

देवरामांनी घास उचलला. तोंडाजवळ नेला, आणि तिथेच हात थांबला. आई त्यांच्याशी बोलत नव्हती.